सड्यावरचे चर आणि दगडी कुऱ्हाड

प्रश्न : बाई, नमस्कार. मी राजापूर तालुक्यातला. आमच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळपठारावर, एका डबक्याच्या काठाला कातळात सात चर आहेत. एकाशेजारी एक, वीतभर लांब, मधे बोटाचं पेर बुडेल एवढे खोल. काका म्हणतात, पांडवांनी तिथे भाले घासले. गावातली मुलं म्हणतात, अश्मयुगातल्या माणसांनी दगडी कुऱ्हाडी घासल्या. आम्ही तिथे फलक लावायच्या विचारात आहोत. खरं काय असेल? आणि असे कुऱ्हाडी घासायचे दगड खात्रीने बघायचे तर कुठे जावं? फोटो जोडला आहे.

उत्तर : फलक तेवढा थांबवा. फोटो मी भिंग लावून बघितला. तुमचा कातळ जांभ्याचा आहे आणि माझी पहिली शंका तिथेच आहे.

देवघरातली सहाण आठवा. चंदन उगाळायला आपण जांभ्याचा तुकडा घेत नाही, कारण जांभा भोकाभोकांचा. त्यावर घासलेली वस्तू गुळगुळीत होण्याऐवजी ओरबाडते. दगडी कुऱ्हाडीचंही तसंच. नवाश्मयुगातला, म्हणजे अश्मयुगाच्या शेवटच्या टप्प्यातला माणूस आधी दगडाचे छिलके उडवून कुऱ्हाडीचा ढोबळ आकार काढायचा, मग बारीक ठोके देऊन उंचवटे मोडायचा, आणि शेवटी ती ग्रॅनाइट किंवा वालुकाश्मासारख्या कणीदार, टणक दगडावर पाणी आणि वाळू घालून घासत बसायचा. तासन् तास. कुऱ्हाडीच्या कडा घासून घासून दगडात अरुंद चर पडायचा, आणि सपाट अंग घासून बशीसारखा पसरट खोलगा. एवढी मेहनत नुसत्या रूपासाठी नव्हती. घासल्यावर पात्यावरचे खाचखळगे जातात, मग झाडावर घाव घालताना ते सहज तडकत नाही, आणि बोथट झालं की पुन्हा घासून धार आणता येते.

खात्रीचे दगड बघायचे तर कर्नाटकात बल्लारीला जा. शहराजवळच संगनकल्लूच्या टेकड्या आहेत. तिथल्या हिरेगुड्डा नावाच्या टेकडीवर ग्रॅनाइटमधून डोलेराइट या टणक दगडाचा काळा पट्टा गेलेला आहे. त्या काळ्या दगडाच्या कुऱ्हाडी तिथेच घडवल्या जात, सुमारे ४००० ते ३००० वर्षांपूर्वी. छिलक्यांचे ढीग अजून पायाखाली येतात. मी निवृत्तीनंतर कोल्हापूर, हुबळी करत गेले होते. एका शिळेवर खोलगा दिसला म्हणून तळहात आत ठेवला. आत काचेसारखं गार आणि गुळगुळीत, आणि त्याच दगडाचं बाहेरचं अंग माझ्या कोपराला टोचत होतं. वर्षानुवर्षं कुणीतरी बसून हे केलंय हे मला पुस्तकाने इतकी वर्षं सांगितलं होतं, कळलं ते त्या दिवशी. आसपास ग्रॅनाइटच्या खाणी चालल्यात. टेकडीचा कापलेला भाग बघून पोटात कालवतं, तेव्हा जायचं तर लवकर जा.

परदेशातही हे दगड रानात, शेतात उघड्यावर आहेत. इंग्लंडमध्ये एव्हबरीजवळ फायफील्ड डाउन नावाच्या माळावर आडवी पडलेली एक शिळा आहे, तिच्यावर समांतर चर आणि शेजारी घासून गुळगुळीत झालेला खोलगा. तिथून जवळच वेस्ट केनेट नावाची दगडी कोठड्यांची लांबलचक समाधी आहे, तिच्या आतल्या एका दगडावरही घासल्याच्या खुणा आहेत. फ्रान्समध्ये असे दगड पुष्कळ. एकाचं नावच ‘दहा बोटांचा दगड’. तिथल्या लोकांना चरांत बोटं उमटलेली दिसली, तुमच्या काकांना पांडवांचे भाले दिसले. काकांना हे जरूर सांगा. आणि बुंदेलखंडात घासलेल्या कुऱ्हाडीच गावकऱ्यांनी पिंपळाखाली देवांशेजारी मांडलेल्या सापडल्या आहेत. शेतात नांगराला लागलेला इतका गुळगुळीत दगड साधा कसा वाटावा?

आता तुमचे सात चर. माझं माहेर देवगड तालुक्यातलं. दिवाळीच्या सुमारास सड्यावरचं गवत कापायला मी आईबरोबर जायची. भाकरी खायच्या आधी बायका डबक्याशी बसत, कातळावर मूठभर रेव टाकत, ओंजळीने पाणी शिंपडत आणि कोयत्या घासत. त्या आवाजाने माझे दात शिवशिवायचे. प्रत्येकीची जागा ठरलेली. आईचा चर उजवीकडून तिसरा होता आणि तो तिच्या सासूकडून तिच्याकडे आलेला. लोखंडाला धार काढायला रेव टाकलेला जांभा चालतो. तुमच्या फोटोत अरुंद चर तेवढे आहेत, पसरट खोलगा एकही नाही, आणि शेजारी कार्तिकापर्यंत टिकणारं पाणी आहे. माझा कल कोयतीकडे आहे.

पण तपासून बघा. चरात बोट फिरवून आतला पोत बघा. लांबी, रुंदी, खोली मोजा. डबक्याभोवती काळ्या दगडाचे धारदार छिलके आहेत का ते नुसतं पाहा, उचलून घरी आणू नका. आणि त्याआधी गावातल्या सत्तरीपुढच्या बायकांना विचारा. फोटोत चर उठून दिसावेत म्हणून खडू किंवा चुना मात्र भरू नका. सड्यावर कोरलेल्या जुन्या चित्रांत, कातळशिल्पांत, तो भरलेला मी बघितलाय, भोकाभोकांच्या दगडातून तो निघता निघत नाही. सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर जा, तिरप्या उन्हात चर आपोआप उठतो.

शाळेच्या मुलांना घेऊन जायचं असेल तर बल्लारी लांब पडेल. त्यांना कशेळीला न्या. तिथल्या कातळावर सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद हत्ती कोरलाय आणि त्याच्या अंगात कितीतरी प्राणी. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलेल्या कोकणच्या कातळशिल्पांत तो आहे, तुमच्याच तालुक्यातले बारसू आणि देवीहसोळही आहेत. मुलांना कडेने उभं करा, रेषांवर पाय पडू देऊ नका.

मोजमापं आणि त्या बायकांनी काय सांगितलं ते मला कळवा. कोयतीचेच चर निघाले तर फलकावर तसंच लिहा, कुणाकुणाचे ते नावांसकट. मजकूर मी बघून देईन.