पिवळ्या रानातली दुसरी वाट

"मॅडम, निर्णय चुकला तर?" पंचविशी-तिशीतली मुलं-मुली माझ्यासमोर बसली की आज ना उद्या हा प्रश्न येतोच. लग्न असो, नोकरी असो, परदेशी जाणं असो, भीती तीच. गेल्या वर्षी दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हाच प्रश्न घेऊन आलेली एक मुलगी मला विशेष आठवते, कारण तिने सोबत एक कविताही आणली होती. तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती फिजिओथेरपिस्ट, वय 28, भांडुपला आईवडिलांकडे राहणारी. परळच्या रुग्णालयात कायम होण्याचं पत्र हातात होतं. दुसरीकडे रत्नागिरीजवळ मामाच्या गावी स्वतःचं केंद्र काढायची संधी होती. मामा जागा द्यायला तयार होता आणि गावच्या लोकांना कंबर धरली तरी तालुक्याला जावं लागत होतं. उत्तर महिन्याभरात द्यायचं होतं. तिने लॅपटॉप उघडून एक्सेलची शीट दाखवली. पगार, प्रवास, आईबाबा, शिकायला काय मिळेल, प्रत्येकाला मार्क. दोन्ही रकान्यांची बेरीज जवळजवळ सारखी. "मी दर वेळी मार्क बदलते, आणि दर वेळी पुन्हा तिथेच येते."

मग तिने मोबाइल पुढे केला. वॉलपेपरवर रानात फुटणाऱ्या दोन वाटा आणि खाली अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टच्या 'द रोड नॉट टेकन'चा शेवट: कमी लोक गेलेली वाट मी धरली, आणि त्यानेच सगळा फरक पडला. कॉलेजच्या निरोप समारंभात सरांनी वाचली होती म्हणे.

"मला कळतंय मॅडम, की मी रत्नागिरीलाच जायला हवं. हिंमत होत नाही. इथे राहिले तर मी चारचौघींसारखीच."

मी विचारलं, "ही कविता पूर्ण कधी वाचलीस?"

वाचली नव्हती. वीसच ओळी आहेत. आम्ही तिथेच मोबाइलवर काढून मोठ्याने वाचल्या. दुसऱ्या कडव्यात ती अडखळली. तिथे कवी म्हणतो की दुसरी वाट गवताळ होती, बहुधा कमी पायांखालची. आणि लगेच पुढे कबूल करतो की खरं पाहता दोन्ही वाटा सारख्याच झिजल्या होत्या. त्या सकाळी दोन्हींवर पानं पडलेली होती आणि कुणाच्याही पावलाने ती काळी पडलेली नव्हती.

"म्हणजे कमी लोकांची वाट नव्हतीच?" ती म्हणाली. "मग शेवटी खोटं का बोलतो?"

शेवटचं कडवं मी तिला पुन्हा वाचायला लावलं. फरक पडला, असं तो आज सांगतच नाही. फार वर्षांनी, कुठेतरी, एक उसासा टाकून मी असं सांगत असेन, असं म्हणतो. आपण पुढे आपल्या आयुष्याची गोष्ट कशी रचणार आहोत, हे त्याला वाट धरतानाच दिसतं आहे. आणि कवितेचं नाव आहे न घेतलेल्या वाटेवर. मला ही कविता माणसाच्या मनाविषयीची फार प्रामाणिक कविता वाटते, आणि तिची शूरपणाची पाटी करून भिंतीवर टांगतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या पाटीखाली कितीतरी मुलं स्वतःला भित्री ठरवत बसतात.

तिची शीट सारखी येत होती कारण पर्यायच सारख्या तोलाचे होते. एक उघडच वाईट असता तर ती माझ्याकडे आली नसती.

मी तिला एक काम दिलं. एक आठवडा रत्नागिरी ठरलंय असं मनाशी धरून राहायचं, कुणाला सांगायचं नाही. पुढचा आठवडा परळ. रोज रात्री चार ओळी लिहायच्या, झोप कशी लागली, दिवसभर मनात काय घोळलं.

वही घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. वहीच्या आधी तिला दुसरंच बोलायचं होतं. घरी जाऊन तिने कवितेची हकीकत शोधली होती. 1914 साली फ्रॉस्ट इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशरला राहत होता. एडवर्ड थॉमस हा त्याचा मित्र. दोघे रानात लांब लांब फिरायचे, आणि थॉमस एका वाटेने नेऊन नंतर हळहळायचा, दुसरीकडून नेलं असतं तर बरं झालं असतं. मित्राच्या या सवयीची प्रेमळ थट्टा, तिथून कविता आली. ती 1915 मध्ये छापून आली. थॉमसपुढे तेव्हा खरोखरच दोन वाटा होत्या, फ्रॉस्टपाठोपाठ अमेरिकेला जायचं की सैन्यात. वय 37, घरी बायको-मुलं, कुणाची सक्ती नाही. जुलै 1915 मध्ये तो भरती झाला. एप्रिल 1917 मध्ये फ्रान्समध्ये, पहिल्या महायुद्धातल्या आरासच्या लढाईत मारला गेला.

"चुकलीच ना त्याची वाट?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी जरा वेळ गप्प बसले. कवितेमुळे तो भरती झाला असंही काही जण म्हणतात. मी तसं जोडत नाही. तिला एवढंच म्हटलं, पहिल्या कडव्यात कवी खूप वेळ उभा राहून एका वाटेकडे नजर पोहोचेल तिथवर बघतो. ती झुडपांत वळते तिथवरच दिसतं. थॉमसलाही तेवढंच दिसलं. वळणापलीकडे जे झालं, त्यावरून वळणाअलीकडच्या माणसाला दोषी कसं ठरवायचं?

मग वही उघडली. रत्नागिरीच्या आठवड्यात जवळजवळ रोज एकच गोष्ट होती: मैत्रिणींना कसं सांगीन, सर काय म्हणतील, पुढे कधी कुणी मुलाखत घेतली तर काय बोलेन. परळच्या आठवड्यात पेशंट होते. पक्षाघातानंतर डावा हात उचलायला शिकणारे एक आजोबा. गुडघा बदललेल्या एक काकू, जिना चढायला घाबरणाऱ्या. मी काहीच बोलले नाही. तिने दोन्ही पानं स्वतःच पुन्हा वाचली.

दुसऱ्या कुणाच्या वहीत हेच उलटं निघालं असतं, आणि मी तिला आनंदाने रत्नागिरीच्या गाडीत बसवलं असतं.

तिने परळ स्वीकारलं, आणि त्या दिवशी माझ्यासमोर बराच वेळ रडली. मी थांबवलं नाही. मामाचं अंगण, समुद्र, स्वतःच्या नावाची पाटी, हे सगळं खरंच सुटलं होतं. पुन्हा कधी येईन या वाटेला, असं म्हणताना फ्रॉस्टलाही ठाऊक आहे की येणं होणार नाही. सुटलेल्याचं दुःख झालं म्हणजे निर्णय चुकला असा अर्थ काढू नकोस, एवढं मात्र मी तिला दोनदा सांगितलं.

मे महिन्यात तिचा फोन आला. मामाने आंब्याची पेटी पाठवली होती आणि ती उघडताना पोटात कालवलं म्हणाली.

"मग काय केलंस?"

"मामाला फोन लावला. अर्धा तास बोललो. मग पेटीतले सहा आंबे डब्यात घालून आजोबांना नेऊन दिले. डाव्या हाताने घेतले त्यांनी, मॅडम."