'बरं. मग?' म्हणणारा मित्र

"ताई, मी 22 वर्षांचा आहे. मी गे आहे हे तीन महिन्यांपूर्वी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. माझ्या रूममेटला. त्याने मोबाइलमधून मान वर केली, म्हणाला, 'बरं. मग?' आणि परत मोबाइलमध्ये. मी आधी रडलो, मग हसलो. पण आता मला तोच आवडायला लागलाय. त्याला मैत्रीण आहे. मी माझी गादी त्याच्यापासून लांब, दाराजवळ नेलीय. विचारलं की उकडतंय म्हणून सांगतो. त्याला मनातलं सांगू का? हा आजार तर नसेल ना?"

अरे, शेवटचा प्रश्न आधी उरकते, कारण त्याला चार ओळी पुरतात. नाही, हा आजार नाही. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 साली समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळलं, जागतिक आरोग्य संघटनेने 1990 साली. म्हणजे तुझ्या जन्माआधीच. 'बदलून दाखवतो' म्हणणारा कुणी भेटला, तर त्याच्या नावापुढे कितीही पदव्या असोत, उठून बाहेर ये.

आता त्या 'बरं. मग?'बद्दल. खूप वर्षांपूर्वी माझ्या एका मित्राने मला हेच सांगितलं होतं. मी काय बोलले असेन? "नक्की का?" वाईट हेतू नव्हता, पण त्याचा चेहरा मिटला तो मिटलाच. पुढे कितीतरी वर्षं तो माझ्याशी फक्त कामाचं बोलायचा. तुझ्या मित्राला हे दोन शब्द सहज सुचले, पण ते सगळ्यांना सुचत नाहीत.

म्हणूनच मला शंका येते. इतकी वर्षं तू बोलताना प्रत्येक वाक्य तपासून पाहत असणार: कोण आवडते, असं कुणी विचारलं की एखादं नाव ठोकून द्यायचं, चुकून 'तो' तोंडात आला की खोकायचं. आणि आता एका खोलीत, एका माणसासमोर हे काहीच करावं लागत नाही. हा मोकळेपणा इतका नवा आहे की तो ज्याच्यामुळे मिळाला तोच हवाहवासा वाटणं साहजिक आहे. हे प्रेम नाही असं मी म्हणत नाही. असेलही. पण तुला तो आवडतो की त्याच्यासमोरचा तू आवडतोस, हे तीन महिन्यांत कळत नाही. मुलींवर प्रेम करणारी मुलंही पहिल्या खेपेला इथेच घसरतात. फरक एवढाच की त्यांची ही घसरगुंडी शाळेतच आटोपते, गे मुलांची बरेचदा विशीत सुरू होते, कारण शाळेतली वर्षं लपवण्यात गेलेली असतात.

सांगायचं का? आत्ता नको. त्याला मैत्रीण आहे, म्हणजे तुला काय उत्तर येणार हे तुझं तुलाच ठाऊक आहे. सांगितलं नाहीस म्हणून खोटारडा ठरत नाहीस. मनात आलेली प्रत्येक गोष्ट मित्राच्या पुढ्यात ठेवायचा नियम कुणी केला? सहा महिन्यांनीही गळ्याशी अडकलेलं असेल तर एकदाच सांग, पण मागणी म्हणून नको. "मला मध्यंतरी तू आवडायला लागला होतास, तुझ्याकडून काही नकोय, फक्त लपवायचं नाहीये." एवढंच. नंतर तो दोन दिवस गप्प राहिला तर त्याला राहू दे.

तोवर एक काम कर, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आणखी माणसं शोध. तुझ्यासारखी मुलं भेटतात असे गट असतात, समुपदेशक असतात. तिथे जाऊन पहिल्या दिवशी बोलायलाच हवं असं नाही, कोपऱ्यात बसलास तरी चालेल. तुझं गुपित आज एकाच माणसाकडे आहे. तो आजारी पडला, चिडला, दुसरीकडे राहायला गेला, की तू पुन्हा एकटा. त्याच्यावरही हे ओझंच आहे, जरी तो मोबाइलमधून मान वर काढत नसला तरी.

आणि गादी. 'उकडतंय' हे थंडी पडली की चालणार नाही. त्याने तुला लांब जायला सांगितलं नव्हतं, तूच गेलास. आज रात्री जिथे होती तिथे आणून टाक. त्याने विचारलंच तर म्हण, दाराजवळ डास फार आहेत.

– ताई