महालक्ष्म्या जमतात, मग दवाखान्यातच गोंधळ का?

*"मी 69 वर्षांची, इंदूरला रामबागेत राहते. यंदा महालक्ष्म्यांचं सगळं मी एकटीने केलं, आवाहनापासून विसर्जनापर्यंत कुठे कागद बघावा लागला नाही. पण त्याच आठवड्यात विजयनगरच्या एका नव्या दवाखान्यात गेले आणि पार गोंधळले. मशीनमधून टोकन, मोबाइलवर ओटीपी, मग 'मैडम, बिलिंग उस तरफ'. घरी आल्यावर डॉक्टर काय म्हणाले तेही धड सांगता येईना. आता मुलगा-सून मला एकटीला कुठे पाठवत नाहीत. माझं डोकं चालेनासं झालंय का?"*

ताई, ज्या बाईला सोळा भाज्या, फुलोरा, सवाष्ण आणि ब्राह्मणाची वेळ हे सगळं एका डोक्यात सांभाळता येतं, तिच्या डोक्याबद्दल मला इतक्यात शंका घ्यावीशी वाटत नाही.

एंडेल टल्विंग या मानसशास्त्रज्ञाने 1972 मध्ये स्मृतीचे दोन प्रकार वेगळे केले. परवा दुपारी काय घडलं, ही एक आठवण. आणि आयुष्यभर साठलेली जगाची माहिती, ही दुसरी. वयाबरोबर पहिली विरळ होत जाते, दुसरी बराच काळ टिकते. शिवाय ही दुसरी नुसती आठवायच्या कामाची नसते, समोर काय चाललंय ते कळतं तेही तिच्याच जोरावर. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, राजवाड्याकडे यायला लागली की नुसत्या गलक्यावरून तुम्हाला समजत असेल, आता खिडकी लावायची वेळ झाली. बाहेरगावचा पाहुणा मात्र तोंड उघडं ठेवून बघत राहतो आणि रंगतो.

त्या दवाखान्यात तुम्ही तो पाहुणा होता. पुढे काय येणार याचा अंदाजच नाही, म्हणून प्रत्येक पायरी नव्याने समजून घ्यायची. त्यात डॉक्टरांच्या बोलण्याला जागा उरली नाही. मुलाला हे सोपं वाटतं, कारण बँक, विमानतळ, पासपोर्ट ऑफिस अशा ठिकाणी टोकन घेऊन बसायची त्याला सवय आहे. तो जास्त हुशार आहे असं नाही (हे त्याला वाचून दाखवलंत तरी चालेल).

मात्र सवयीवर आंधळा भरवसाही नको. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 मध्येच दाखवलं होतं की आठवणीत जिथे रिकामी जागा असते तिथे आपण ओळखीचं काहीतरी भरतो. "बीपीची गोळी घेतली ना?" "हो, घेतली." कारण रोज घेता! प्रत्यक्षात ती आज डबीतच असते. गोळ्यांसाठी वारांचे खण असलेला डबा आणाच.

आता उपाय. मानसशास्त्रज्ञ जेफ्री झॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना रोजच्या कामांच्या फिल्म दाखवल्या आणि एक भाग संपून दुसरा सुरू झाला असं वाटेल तिथे बटण दाबायला सांगितलं. ज्यांनी हे तुकडे नीट पाडले, त्यांना ते काम नंतर जास्त चांगलं आठवलं. वयस्कर मंडळींचे तुकडे जरा इकडेतिकडे पडतात, असंही दिसलं. तेव्हा पुढच्या वेळी तुकडे मुद्दाम पाडा. मनात म्हणा, "पर्ची झाली. आता रक्त." डॉक्टरांसमोरून उठण्याआधी त्यांना थांबवा आणि तुम्हाला काय कळलं ते त्यांनाच सांगा. चुकलं तर तिथेच दुरुस्त होईल. लाजायचं काय त्यात?

एक गोष्ट मात्र टाळू नका. नव्या ठिकाणी गोंधळ होणं वेगळं आणि ओळखीचा क्रम तुटणं वेगळं. रामबागेतला घरचा रस्ता सापडेना, पुरण शिजवताना पुढे काय करायचं ते सुचेना, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा विचारला जाऊ लागला, तर डॉक्टरांकडे जा. बी-12 ची कमतरता, थायरॉइड, अपुरी झोप, एखादं नवं औषध, यांमुळेही विसरायला होतं आणि त्यावर इलाज असतो. कानही तपासून घ्या. जे ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहणार?

मुलाची काळजी खोटी नाही, पण त्याने सगळी कामं हातातून काढून घेतली तर तुम्हाला त्या जागांची सवय होणार कधी? पुढच्या तपासणीला त्याला बरोबर न्या आणि खुर्चीवर बसवून ठेवा. टोकन तुम्ही काढा, खिडकीशी तुम्ही बोला. अडलं तरच त्याने उठायचं, हे घरून निघतानाच ठरवून घ्या.