व्हायोलिन वाजवणारे व्हायोलाकडे कसे वळतात? माझ्या मुलीनं वळावं का?

तुमची मुलगी काही वर्षं व्हायोलिन शिकतेय. ऑर्केस्ट्रात व्हायोला (व्हायोलिनसारखंच, पण थोडं मोठं आणि खालच्या सुरांचं वाद्य) वाजवणारं कुणी नाही म्हणून सरांनी तिला तो सुचवलाय, आणि व्हायोलिन जमत नाही म्हणून तिला तिकडे ढकलताहेत की काय, ही तुमची धास्ती. मी दोन्ही वाद्यं शिकवतो. ती धास्ती आधी काढून टाका.

थेट व्हायोलापासून सुरुवात करणारे थोडेच. बहुतेक जण व्हायोलिनवरून येतात, आणि तेही कुणाची तरी गरज पडली म्हणून. लायनेल टर्टिस हा या वाद्याला एकल वादनाचा मान मिळवून देणारा वादक. त्यानं व्हायोला हातात घेतला तो लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकताना, सोबतच्या विद्यार्थ्यांच्या चौकडीत व्हायोलाची जागा रिकामी होती म्हणून. विल्यम प्रिमरोझ नावाजलेला व्हायोलिनवादक होता. १९३० मध्ये लंडन स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये व्हायोलावादक म्हणून गेला आणि पुढे हंगेरियन संगीतकार बार्टोकनं त्याच्यासाठी कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) लिहायला घेतला. संगीतकार आणि व्हायोलावादक रिबेका क्लार्कला तर तिच्या गुरूंनी, संगीतकार स्टॅनफर्डनी, मुद्दाम व्हायोलाकडे वळवलं. कारण हे की व्हायोलावाला सुरांच्या ऐन मधोमध बसतो, वरचं-खालचं सगळं कसं रचलंय ते त्याला आतून ऐकू येतं. ज्या मुलीला साथीचे सूर ऐकायला आवडतात, जिचं लक्ष फक्त चालीवर नसतं, तिच्यासाठी ही जागा फार मोलाची आहे.

आता वाद्य. तारा सी, जी, डी, ए, म्हणजे व्हायोलिनपेक्षा एका पंचमानं खाली. त्या हिशेबानं पेटी, म्हणजे वाद्याचं पोकळ लाकडी धड, व्हायोलिनच्या दीडपट, जवळजवळ २१ इंच हवी, पण ती हनुवटीखाली धरणार कशी? म्हणून व्हायोला साधारण १५ ते १७ इंचांचा करतात. पेटी सुरांच्या मानानं लहान राहते, आणि खालच्या सी तारेचा तो किंचित घोगरा, दाटलेला आवाज त्यातूनच येतो.

विकत घेण्याआधी तिच्या फुल साइझ व्हायोलिनवरच करून बघा. ई तार काढा, जी, डी, ए एकेक जागा सरकवा, आणि रिकाम्या झालेल्या जागी १४ इंची व्हायोलाची सी तार लावा. इथं दोन गोष्टी बिघडतात. सगळ्या तारा एकदम सैल केल्या तर घोडी (तारा पेलणारी पट्टी) पडते आणि पेटीच्या आत उभी असलेली काडी, साउंड पोस्ट, तीही निसटू शकते. म्हणून एका वेळी एकच तार, आणि दर वेळी घोडी पुढं झुकली नाही ना ते बघायचं. दुसरं, जाड तार अरुंद खाचेत अडकते, खुंटी पिळली तरी सूर चढत नाही आणि मग एकदम उडी मारतो. खाचेत मऊ पेन्सिल घासा. तरी अडकली तर खाच रुंद करायचं काम कारागिराकडे द्या, घरी कानस चालवू नका. सी तार अशा पेटीवर थोडी ढिली आणि बोथट वाटेल. ते चालेल, स्वरलिपीचं वाचन आणि गज यांचा अंदाज येण्यापुरतं हे पुरतं.

वाद्य घेताना तिनं ते खांद्यावर धरून डावा हात पुढं लांबवावा आणि वाद्याचं डोकं तळहातात धरावं. कोपर थोडं वाकलेलं राहिलं तर माप बरोबर, हात ताठ झाला तर मोठं. नंतर सी तारेवर फर्स्ट पोझिशनमध्ये (हात वाद्याच्या डोक्याजवळ, सगळ्यात खालच्या जागी) करंगळी ठेवून बघा. मनगट आत कोसळत असेल तर अर्धा इंच खाली या. मोठ्या वाद्याचा आवाज भारदस्त म्हणून सुरुवातीलाच साडेसोळा इंच घेऊ नका. खांदा आणि करंगळी दुखायला लागली की सराव बंद पडतो.

खरी अडचण गजाची आहे. व्हायोलिनचा गज साधारण ६० ग्रॅमचा, व्हायोलाचा ७०च्या आसपास. जाड तार उशिरा बोलते. व्हायोलिनच्या वेगानं गज ओढला तर सी तार नुसती फुसफुसते, मूळ सूर लागतच नाही. गज हळू, हाताचं वजन जास्त, आणि सूर सुरू होताना तारेला क्षणभर धरून सोडायचं. डाव्या हाताची बोटं लांब पसरतात, म्हणून हात तिसऱ्या-चौथ्या बोटाच्या बाजूनं बसवून पहिलं बोट मागं न्यावं. पहिल्यापासून पुढं ताणत गेलं की करंगळी कायम बेसूर लागते. व्हायब्रॅटो (बोट हलवून सुराला दिलेला कंप) थोडा रुंद आणि संथ.

वाचनात आल्टो क्लेफ येतो (क्लेफ म्हणजे कोणत्या रेघेवर कोणता सूर ते ठरवणारी खूण): मधली रेघ म्हणजे मिडल सी. बरेच जण एक युक्ती सांगतात, की व्हायोलिनचा ट्रेबल क्लेफच आहे असं समजा आणि व्हायोलिनच्या थर्ड पोझिशनची बोटं ठेवा. बोटं खरंच बरोबर पडतात. पण सूर कोणता चाललाय हे डोक्यात राहत नाही, त्यामुळे शार्प-फ्लॅट (अर्ध्या सुरानं चढे-उतरे सूर) चुकतात, आणि वरच्या जागांसाठी मध्येच खराखुरा ट्रेबल क्लेफ आला की वादक जागीच थांबतो. ही युक्ती तिला शिकवू नका. आधी जी आणि डी या दोनच तारांवरचे सूर नावं मोठ्यानं म्हणत वाजवू द्या.

पहिल्या रचना म्हणून टेलेमानचा जी मेजर कॉन्चेर्टो उत्तम. त्याबरोबर बाखचे चेलो सुइट्स (नृत्यचालींवरच्या रचनांचे संच): व्हायोलाच्या चारही तारा चेलोच्या बरोबर एक सप्तक वर असल्यानं ते तसेच्या तसे बसतात. ऑडिशनपर्यंत गेलीच तर श्टामिट्स किंवा हॉफमाइस्टर यांचा डी मेजर कॉन्चेर्टो बहुधा मागतात. व्हायोलिनही सोडायला लावू नका. आठवड्यातून दोन-तीन दिवस ते चालू ठेवलं तर बोटांची चपळाई टिकते. फक्त एकाच बैठकीत दोन्ही वाजवायची असतील तर व्हायोला नंतर ठेवा. सुरुवातीच्या महिन्यांत उलटं केलं की व्हायोलिनवर बोटांमधलं अंतर जास्त पडतं आणि सूर चढे लागतात.