‘अनइन्कॉर्पोरेटेड कम्युनिटी’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की टेक्सासमधल्या लुकनबाख नावाच्या इवल्याशा ठिकाणाबद्दल मराठीत लिहायचंय, इंग्रजीत त्याला ‘अनइन्कॉर्पोरेटेड कम्युनिटी’ म्हणतात, तर ‘असमाविष्ट समुदाय’ चालेल का?

मला विचाराल तर नको, दोन्ही शब्द गंडलेत. समुदाय माणसांचा असतो, जागेचा नाही. सभेला समुदाय जमतो, पण एसटीच्या पाटीवर वाडी असते. आणि ‘असमाविष्ट’ म्हटलं की निदान आम्हा पुणेकरांना हद्दवाढच आठवणार, कारण २०१७ला ११ आणि २०२१ला २३ गावं महापालिकेत घेतली त्यांना पेपरवाले ‘समाविष्ट गावं’च म्हणतात, म्हणजे असमाविष्ट हे त्यातून सुटलेलं गाव झालं. इथे कुणी कुणाला आत घ्यायचं सोडलंय असा प्रकारच नाहीये.

गंमत म्हणजे मूळ शब्द आपल्या तोंडात आधीच आहे, ‘कार्पोरेशनचं पाणी आलं का’ म्हणतो ना, तेच कार्पोरेशन. लॅटिनमध्ये कॉर्पस म्हणजे शरीर, त्यावरून इन्कॉर्पोरेट होणं म्हणजे कायद्याने एक संस्था होणं. अमेरिकेत राज्याच्या कायद्याप्रमाणे एखाद्या ठिकाणाची स्वतःची पालिका उभी राहिली की ते इन्कॉर्पोरेटेड, नाहीतर बहुतेक ठिकाणी रस्ते, पोलीस वगैरे सगळं थेट काउंटी, म्हणजे तिथला जिल्हा, बघते. लहानमोठेपणाचा संबंधच नाही. नेब्रास्कातलं मॉनोवाय हे गाव २०१०च्या जनगणनेत अक्षरशः १ माणसाचं होतं तरी रीतसर इन्कॉर्पोरेटेड, आणि लास वेगासचे ते बरेचसे झगमगीत कसिनो ज्या पॅराडाइजमध्ये आहेत तिथे २०२०ला १ लाख ९० हजारांवर लोक, पण स्वतःची पालिका नाही!

म्हणून सरसकट वापरायला ‘पालिका नसलेली वस्ती’ बरं. अर्थात ‘वस्ती’ला शहरात झोपडपट्टीचा वास येतो, सोलापूरकडे मात्र रानातल्या चार घरांना वस्तीच म्हणतात, त्यामुळे मला तो शब्द टाकवत नाही.

लुकनबाखपुरतं म्हणाल तर मी बिनधास्त ‘वाडी’ म्हणेन. एकोणिसाव्या शतकात तिकडे जर्मन शेतकरी आले, त्यातल्या लुकनबाख घराण्याचं नाव जागेला पडलं, म्हणजे आपली कदमवाडी नाही का, तसंच. एक दुकान, त्यातच पूर्वी पोस्ट, शेजारी नाचाचा हॉल, झालं गाव. १९७०मध्ये होंडो क्राउच नावाच्या अवलियाने जोडीदारांबरोबर ते सगळंच्या सगळं विकत घेतलं (आपल्याकडे सातबाऱ्यावर इतकी नावं असतात की हे जमणंच अवघड), आणि तिथे गाण्याबजावण्याच्या मैफली रंगायला लागल्या. फक्त एक फरक लेखात सांगा, आपल्या वाडीवर गट ग्रामपंचायत का होईना, सरपंच असतो. लुकनबाखला तोही नाही, वर डायरेक्ट काउंटी.

आणि पोस्ट १९७१ला बंद झालं, तेव्हापासून पत्र घालायचं तर आपल्या पद्धतीने पत्ता असा होईल: मु. लुकनबाख, पो. फ्रेडरिक्सबर्ग, जि. गिलेस्पी.