चेंबर म्युझिकच्या फेस्टिवलला शेवटी कोरस कसा?

प्रश्न: ऑगस्टमध्ये आम्ही दोघं मुलीकडे बोस्टनला जाणार आहोत, तिने व्हर्मांटमधल्या मार्लबरो म्युझिक फेस्टिवलच्या शेवटच्या मैफिलीची तिकिटं काढलीयेत. मी आयुष्यभर ख्याल-ठुमरी ऐकत आले, चेंबर म्युझिक म्हणजे चार-पाच जणांचं वादन एवढंच ठाऊक. पण मुलगी म्हणते शेवटी बहुतेक ऑर्केस्ट्रा आणि कोरस असेल. ते कसं काय? आणि काय वाजणार हे अजून कुठेच दिलेलं नाहीये.
— एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, यादी लागली नाही म्हणून काळजी नको, तिथली पद्धतच तशी आहे. पियानोवादक रुडॉल्फ सर्किन, व्हायोलिनवादक अडॉल्फ बुश वगैरे मंडळींनी १९५१ मध्ये हे सुरू केलं आणि तिथे खरा जीव तालमीत असतो, मुरलेले कलाकार आणि तरुण वादक एकाच ग्रुपमध्ये बसून एकेक रचना घोटत राहतात, जी तयार झाली तीच लोकांसमोर येते, म्हणून कार्यक्रम अगदी थोडे दिवस आधी कळतो.

मुलगी म्हणतेय ते बेथोवनचं कोरल फँटसी, म्हणजे पियानो, ऑर्केस्ट्रा आणि कोरस (समूहगायन) यांची एक रचना, त्यानेच शेवट करायची तिथली जुनी परंपरा आहे. मुळात ते सांगतेसाठीच लिहिलेलं, २२ डिसेंबर १८०८ ला व्हिएन्नात बेथोवनची चारेक तासांची मैफल झाली, पाचवी आणि सहावी सिंफनी त्याच रात्री पहिल्यांदा वाजली, आणि शेवटी सगळ्यांना एकत्र आणायला हे. तालीम अपुरी, मध्येच सगळं विस्कटलं आणि बेथोवनने थांबवून परत सुरू केलं!

तुम्हाला सुरुवात नक्की आवडेल बघा. एकटा पियानो, आलापीसारखा मोकळा, त्या रात्री तर बेथोवनने तो भाग तिथल्या तिथे सुचेल तसा वाजवला होता, लिहून काढला नंतर. मग खालच्या सुरांची तंतुवाद्यं हळूच येतात, पियानो एक साधीशी धून धरतो, ती आधी बासरी घेते, मग दोन ओबो, मग क्लॅरिनेट आणि बासून (ही सगळी फुंकून वाजवायची वाद्यं), मग फक्त चार तंतुवाद्यं. म्हणजे ऑर्केस्ट्रा समोर बसलेला असूनही चालू असतं ते चेंबर म्युझिकच, एकमेकांचं ऐकून पुढे नेणं! म्हणूनच मला वाटतं या फेस्टिवलला याच्याहून योग्य शेवट नाही. कोरस येतो अगदी शेवटी, आणि त्यात नुसते गायक नसतात, फेस्टिवलचा स्टाफ, कलाकारांच्या घरची माणसं, सगळे उभे राहतात.

एक सांभाळा, आधीच्या रचनांमध्ये दोन भागांच्या मधे टाळ्या नाहीत आणि मधूनच वाहवा तर नाहीच, आपल्याला ते जड जातं खरं. फँटसी मात्र सलग वीसेक मिनिटं आहे. सर्किन यांनी वाजवलेलं रेकॉर्डिंग मिळतं, निघण्याआधी एकदा ऐकून जा, त्या बासरीपासून पुढचं जरा कान देऊन.