हान्स घेताना घाई करू नकोस

अरे, रेसिंगसाठी हेल्मेट भारीतलं घेतलंस ते छानच, पण समोरून धडक बसली की बेल्ट अंग धरून ठेवतो आणि डोकं हेल्मेटसकट पुढे जातं, सगळा ताण मानेवर आणि कवटीच्या बुडाशी येतो. २००१ मध्ये अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीत रेसर डेल अर्नहार्ट गेला तो कवटीच्या बुडाचं फ्रॅक्चर होऊनच. म्हणून हान्स, म्हणजे खांद्यांवर बसणारं आणि टेदर नावाच्या पट्ट्यांनी हेल्मेटला जोडलेलं मान वाचवणारं उपकरण, घेच, पण आधी एसएफआय ३८.१ किंवा एफआयए ८८५८ या सुरक्षा मानकाचं लेबल बघ, नसेल तर कितीही स्वस्त मिळू दे, नकोच. मग हान्सचा अँगल, सरळ बसायच्या सीटला साधारण २० डिग्रीचा चालतो, जास्त रेललेल्या सीटला ३० चा, आणि हे दुकानात उभं राहून कळत नाही, आपल्याच सीटमध्ये बसून, बेल्ट कचकचून आवळून, मान दोन्हीकडे वळवून बघ. माझं पहिलं कॉलरबोनवर इतकं रुतायचं की तिसऱ्या लॅपनंतर सगळं लक्ष तिकडेच जायचं. खांद्यांचे बेल्ट त्याच्या वरूनच गेले पाहिजेत, घसरले तर उपयोग शून्य, त्यामुळे गाडीच्या साध्या थ्री-पॉइंट बेल्टवर ते वापरूच नको. सेकंडहँड घेत असशील तर टेदरची टोकं बोटांनी चाचपून बघ, धागे सुटलेत का ते.